बाप्तिस्मा न घेता गेलेल्या आजीचे तारण झाले का?

पत्र (संक्षिप्त रूपात): "मी छत्रपती संभाजीनगरला एका खासगी रुग्णालयात परिचारिका आहे. वडिलांचे घराणे जालन्याचे, काही पिढ्यांपासून ख्रिस्ती. मी तान्ही असताना तिथल्या सी.एन.आय. (उत्तर भारतीय) मंडळीत डोक्यावर पाणी शिंपडून माझा बाप्तिस्मा झाला. आई परतूर तालुक्यातल्या वारकरी घरातली. तिची आई, म्हणजे माझी आजी, कर्करोगाने आजारी असताना उपचारांसाठी आमच्याकडे राहत असे. रात्री मी तिला शुभवर्तमान वाचून दाखवी. हळूहळू ती येशूची प्रार्थना करू लागली आणि 'मलाबी बाप्तिस्मा घ्यायचाय' असे म्हणू लागली. परंतु मामांना ते मान्य नव्हते, आणि लेकरांना दुखवणे तिच्या जिवावर आले. गावाकडच्या तिच्या अंगणात तुळस शेवटपर्यंत होती. गेल्या वर्षी ती वारली. त्या रात्री तिच्या उशाशी मीच होते. मरणाच्या दारी असलेल्या माणसाला कोणीही पाणी ओतून बाप्तिस्मा देऊ शकते, हे मला नंतर एका कॅथलिक सहकारी बाईंकडून कळले आणि तेव्हापासून झोप नाही. सध्या आम्ही ज्या नव्या मंडळीत जातो तिथले पास्टर म्हणतात की पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतल्यावाचून तारण नाही. त्यामुळे आजी गेली ती गेलीच, आणि माझाही बाप्तिस्मा खरा नाही. पुढच्या महिन्यात मामांकडे तिचे वर्षश्राद्ध आहे. तिथे गेलीस तर आहे तेही गमावशील, असे त्यांनी बजावले आहे. ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे तारणासाठी नेमके काय लागते? आणि मी आता काय करू?"

प्रिय भगिनी, सप्रेम जय ख्रिस्त.

तुमच्या प्रश्नाकडे वळण्याआधी मी कोणत्या परंपरेत उभा राहून बोलतो आहे, ते सांगितलेले बरे. माझी घडण प्रोटेस्टंट मंडळीत झाली आणि कॅथलिक शिकवण मी अभ्यासाने समजून घेतली आहे; त्यामुळे माझा कल मधूनमधून दिसेल, तो तुम्ही हिशेबात धरावा. तुमच्या पास्टरांना मी ओळखत नाही आणि त्यांच्या हेतूविषयी मला शंका घ्यायची नाही. मात्र त्यांनी जी गोष्ट तुम्हाला ख्रिस्ती धर्माची एकमुखी शिकवण म्हणून सांगितली, ती तशी नाही, आणि एवढे तरी मला स्पष्ट शब्दांत सांगितलेच पाहिजे.

तुमचाच प्रश्न नव्या करारात एका माणसाने जवळपास तुमच्याच शब्दांत विचारला आहे. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात पौल आणि सीला फटके खाऊन फिलिप्पै नगरीच्या तुरुंगात पडलेले असतात. मध्यरात्री भूकंप होऊन दारे उघडतात. कैदी पळाले असे समजून तुरुंगाचा अधिकारी स्वतःवरच तलवार उपसतो, आणि ते सगळे जागच्या जागी आहेत हे कळल्यावर थरथर कापत विचारतो की माझे तारण व्हावे म्हणून मी काय करावे. त्याला मिळालेले उत्तर एका वाक्याचे आहे: प्रभू येशूवर विश्वास ठेव, म्हणजे तुझे आणि तुझ्या घराण्याचे तारण होईल. मग ते त्याला व त्याच्या घरच्यांना प्रभूचे वचन सांगतात, तो त्यांच्या जखमा धुतो आणि त्याच घटकेस घरच्या सर्वांसह बाप्तिस्मा घेतो. आपल्याकडच्या वादांत एक पक्ष हा उतारा 'विश्वास ठेव' इथे थांबवतो आणि दुसरा पक्ष तो 'त्याच घटकेस' इथून वाचायला घेतो. सलग वाचला तर दिसते की प्रश्नाचे उत्तर विश्वास हेच आहे, आणि बाप्तिस्मा त्या विश्वासामागून इतका लगोलग येतो की या दोहोंत महिने किंवा वर्षे जावीत, ही कल्पनाच त्या पहिल्या मंडळीने केलेली दिसत नाही. म्हणूनच पन्नासाव्या दिवसाच्या सणात पेत्र पश्चात्ताप आणि बाप्तिस्मा या दोन्ही गोष्टी एका दमात सांगतो, आणि त्याच्या नावाच्या पहिल्या पत्रात बाप्तिस्मा तुमचे तारण करतो, इतके थेट विधान येते. तुमच्या पास्टरांनी ही वचने दाखवली असतील, तर ती वचने खरीच आहेत. ज्याला बाप्तिस्मा घेता येत होता आणि ज्याने तो घेतला, अशा माणसांच्या संदर्भात ती आलेली आहेत. ज्याला तो घ्यायचा होता पण मिळाला नाही, अशा माणसाविषयी ती काही बोलत नाहीत.

आता ज्यावर सगळ्या मंडळ्या एकत्र उभ्या आहेत तो पाया पाहू, कारण वादाच्या धुरळ्यात तोच दिसेनासा होतो. माणूस आपल्या पापातून आपल्या बळावर सुटू शकत नाही. देवाने आपला पुत्र येशू ख्रिस्त याच्या मरणाने व पुनरुत्थानाने ती सुटका साधली आहे. आणि ती माणसाला कृपेने, कोणतेही मोल न घेता, मिळते. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलाजियस नावाच्या एका विरक्त शिक्षकाने माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने आज्ञा पाळून देवापुढे टिकू शकतो, अशा आशयाची शिकवण दिली, तेव्हा उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीनने तिला कसून विरोध केला आणि ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने ती अमान्य ठरवली. ५२९ साली ओरांजच्या सभेने त्याही पुढे जाऊन सांगितले की विश्वासाकडे वळण्याची पहिली ओढसुद्धा देवाच्या कृपेनेच लागते. हे निर्णय प्रोटेस्टंट सुधारणेचा आरंभ करणाऱ्या मार्टिन लूथरच्या सुमारे हजार वर्षे आधीचे आहेत, आणि कॅथलिक मंडळी ते आपलेच मानते, ही गोष्ट आपल्या बऱ्याच प्रोटेस्टंट बांधवांच्या गावीही नसते. उन्हाळ्यात वाडीवर टँकर येतो तेव्हा घागर पुढे केल्यावाचून पाणी मिळत नाही हे खरे. पण घागर म्हणजे पाण्याचे मोल नव्हे, आणि पाणी घागरीने आणलेलेही नसते. ख्रिस्ती शिकवणीत विश्वासाची जागा त्या घागरीची आहे. तो लागतो, पण त्याने काही विकत घेतले जात नाही.

सत्कृत्यांचा वाद तुमच्या पत्रात नाही, म्हणून तो थोडक्यात आटोपतो. १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीत लूथरपंथीयांनी मांडले की माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो विश्वासाने, आपल्या कर्मांनी नव्हे. कॅथलिक मंडळीच्या ट्रेंट येथील धर्मसभेने १५४७ साली त्याला उत्तर दिले की कृपेवाचून काहीच होत नाही हे खरे, परंतु ती कृपा माणसाला आतून बदलते, त्याचा होकार मागते, आणि प्रीती नसलेला विश्वास अपुरा असतो. साडेचारशे वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, त्याच आउग्सबुर्ग शहरात कॅथलिक मंडळी आणि लूथरन जागतिक महासंघ यांनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या आणि एकत्र कबूल केले की देव आपल्याला स्वीकारतो तो केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासाने, आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे. आणि पवित्र आत्मा अंतःकरण नवे करून आपल्याला सत्कृत्यांसाठी सिद्ध करतो. मेथडिस्ट मंडळ्या २००६ साली आणि रिफॉर्म्ड (कॅल्व्हिनच्या परंपरेतील) मंडळ्या २०१७ साली त्यात सामील झाल्या. सगळे मतभेद त्यामुळे मिटले असे कोणी म्हणत नाही, पण 'ते लोक कर्मांनी तारण मानतात' आणि 'ते लोक कसेही वागायला मोकळे आहेत' ही एकमेकांवर फेकायची दोन्ही वाक्ये आता कोणत्याही जाणत्या माणसाने तोंडी आणू नयेत.

मात्र विश्वास म्हणजे काय, हे सोडून पुढे जाता येत नाही, कारण तुमच्या आजीविषयीचा निर्णय जिथे लागायचा तिथेच लागतो. ख्रिस्ताविषयी काही गोष्टी ठाऊक असणे आणि त्या खऱ्या आहेत असे मानणे एवढ्याने विश्वास होत नाही. याकोब आपल्या पत्रात टोकदारपणे सांगतो की देव एकच आहे हे भुतेही मानतात आणि थरथर कापतात. विश्वास म्हणजे त्या ख्रिस्तावर आपला भार टाकणे, पापाकडे पाठ फिरवून त्याच्याकडे तोंड करणे. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार दूर उभा राहून, वर पाहण्याचेही धाडस न करता, मज पाप्यावर दया कर एवढेच म्हणतो, आणि येशू सांगतो की तो नीतिमान ठरून घरी गेला. उलट बाजूने पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. त्यांनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे आपल्या आयुष्याविषयी लिहिताना स्वतःच नमूद केले की त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता. तो बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी मिळाला. बाप्तिस्मा झाला म्हणजे सारे आपोआप झाले, असे मानणाऱ्यांनी या विदुषीचे म्हणणे जरूर विचारात घ्यावे.

आता बाप्तिस्मा. कॅथलिक मंडळी तो तारणासाठी आवश्यक मानते, आणि तरीही तिच्या १९९२ सालच्या अधिकृत धर्मशिक्षणग्रंथात त्याच परिच्छेदात असे म्हटले आहे की देवाने तारण बाप्तिस्म्याच्या संस्काराशी जोडले आहे, पण तो स्वतः आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही. त्या ग्रंथात पुढेच सांगितले आहे की बाप्तिस्म्याची तयारी करणारा माणूस तो मिळण्याआधी मेला, तर त्याची ती स्पष्ट इच्छा, पापांचा पश्चात्ताप आणि प्रीती यांमुळे, संस्काराने जे तारण त्याला मिळाले नाही त्याची शाश्वती त्याला लाभते. बॅप्टिस्ट मंडळ्या पाण्यात बुडवूनच बाप्तिस्मा देतात, परंतु त्यांतील बहुतेक जण त्याला तारणाची अट मानत नाहीत. आधीच तारण पावलेल्याने आज्ञापालन म्हणून द्यायची ती साक्ष आहे, असे त्या सांगतात. मुक्तिफौज (साल्वेशन आर्मी) तर बाप्तिस्मा देतच नाही, आणि म्हणून तिच्या लोकांना कोणी अख्रिस्ती म्हटलेले निदान मी ऐकलेले नाही. बुडूनच घेतला पाहिजे आणि त्यावाचून तारण नाही, या दोन्ही गोष्टी एकत्र धरणारे लोक आहेत. येशूच्याच नावाने बाप्तिस्मा देणाऱ्या काही पेंटेकॉस्टल मंडळ्या आणि इतर काही गट तसे शिकवतात. तुमचे पास्टर त्या मताचे असतील तर त्यांना ते धरण्याचा अधिकार आहे, पण ते ख्रिस्ती जगातल्या थोड्यांचे मत आहे, हे तुम्हाला सांगण्याची जबाबदारीही त्यांच्यावर होती.

तुमच्या वडिलांच्या मंडळीकडे येऊ. जालन्याचे ते काम स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या मिशनने, रेव्हरंड नारायण शेषाद्री यांच्या हातून उभे केले, आणि त्यांनी जालन्याजवळ वसवलेले बेथेल हे गाव तुम्ही पाहिले असेलच. ही परंपरा पुढे १९७० साली उत्तर भारतीय मंडळीच्या एकीकरणात आली. या स्कॉटिश परंपरेचा आधारभूत दस्तऐवज म्हणजे १६४६ साली तयार झालेली वेस्टमिन्स्टरची विश्वासकबुली. तिच्यात बाप्तिस्म्याविषयी असे म्हटले आहे की या विधीला तुच्छ लेखणे किंवा त्याची हेळसांड करणे हे मोठे पाप आहे. तरीही कृपा आणि तारण त्याला असे जखडलेले नाही की त्यावाचून कोणाचा नवा जन्म होऊच नये किंवा कोणी तारलेच जाऊ नये, अथवा बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाचा नवा जन्म झालाच असे धरावे. मला हे विधान फार समतोल वाटते. तुच्छ लेखणे वेगळे, आणि इच्छा असून न मिळणे वेगळे.

पवित्र शास्त्रातही हा भेद दिसतो. मार्कच्या शेवटच्या अध्यायात, विश्वास धरणारा व बाप्तिस्मा घेणारा तारला जाईल, असे वचन आहे, पण त्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात दंडास पात्र ठरतो तो विश्वास न धरणारा. तिथे बाप्तिस्म्याचा उल्लेख नाही. (हा शेवटचा भाग सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत आढळत नाही, हेही अभ्यासकांना ठाऊक आहे, पण त्यावर मी माझे म्हणणे उभे करत नाही.) वधस्तंभावरच्या चोराला येशूने त्याच दिवशी सुखलोकात सोबत असण्याचे वचन दिले. 'प्रेषितांची कृत्ये'मधील रोमी शताधिपती कर्नेल्य याच्या घरी पाण्याच्या आधी पवित्र आत्मा उतरला. आणि मग पेत्राने बाप्तिस्मा आता कशाला हवा असे न म्हणता, यांना पाण्याची मनाई कोण करील, असे विचारून तो देण्याची आज्ञा केली. ज्याला बाप्तिस्मा घेता येतो त्याने तो टाळू नये, इतके या शेवटच्या उदाहरणावरून ठरते. बाप्तिस्मा मिळाला नाही म्हणून देवाचे हात बांधले गेले, असे त्यावरून ठरत नाही.

तुमचे पत्र वाचताना मला चौथ्या शतकातील एक अंत्यभाषण आठवले. रोमन सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन ३९२ साली गॉल प्रांतात, वयाच्या विशीतच, मृतावस्थेत सापडला. त्याला बाप्तिस्मा हवा होता; तो देण्यासाठी त्याने मिलानचा बिशप अँब्रोज याला बोलावले होते, आणि अँब्रोज पोहोचण्याआधीच तो गेला. मिलानला त्याच्या अंत्यविधीत त्याच्या बहिणी याच एका गोष्टीसाठी शोक करत होत्या की आमचा भाऊ बाप्तिस्म्यावाचून गेला. अँब्रोजने त्यांना जाहीरपणे विचारले की इच्छा करणे आणि मागणे याखेरीज आपल्या हाती दुसरे आहे तरी काय. आणि त्याने जी कृपा मागितली ती त्याला मिळाली, असे सांगून त्यांचे सांत्वन केले. हा काही ढिला माणूस नव्हता. थेस्सलनीकात कत्तल घडवणाऱ्या सम्राट थिओडोसियसला त्याने उघड प्रायश्चित्त घेतल्यावाचून प्रभुभोजनाला येऊ दिले नव्हते. पश्चिमेकडील चार मोठ्या आचार्यांत गणला जाणारा हा बिशप एका सम्राटाविषयी जे म्हणू शकला, ते परतूर तालुक्यातल्या एका म्हातारीविषयी म्हणायला कोणाची हरकत असावी, हे मला समजत नाही. तिने मागितले होते, आणि एकदाच नव्हे.

तिच्या तारणाचा दाखला मी तुम्हाला देत नाही, कारण तो देण्याचा अधिकार कोणत्याही माणसाला नाही. पण त्याच कारणाने, ती गेली ती गेलीच, असे म्हणण्याचा अधिकारही कोणाला नाही. कॅथलिक मंडळी संतांची नावे जाहीर करते, पण अमुक एक माणूस नरकात आहे असे तिने आजवर कोणाविषयीही अधिकृतपणे ठरवलेले नाही. आणि प्रोटेस्टंट शिकवणीतही न्यायाधीश ख्रिस्त आहे, पाळक नव्हे. तुमच्या आजीने शुभवर्तमान ऐकले, ऐकून ते धरले, येशूला हाक मारली आणि बाप्तिस्म्याची इच्छा बोलून दाखवली. मी ज्या ज्या परंपरांची शिकवण वर सांगितली, त्यांतल्या बहुतेक सर्वांच्या मते अशा माणसाविषयी आशा बाळगणे ही मनाची समजूत नसून शिकवणीला धरूनच आहे.

त्या रात्रीचा सल मात्र वेगळा आहे. मरणासन्न माणसाला कोणीही पाणी ओतून, पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देऊ शकतो, अगदी स्वतःचा बाप्तिस्मा न झालेला माणूससुद्धा, मंडळी करते तेच करण्याचा हेतू ठेवून, ही कॅथलिक शिकवण तुमच्या सहकारी बाईंनी बरोबर सांगितली. परंतु तुम्ही ज्या मंडळीत वाढलात तिच्या मूळ कबुलीत हे संस्कार केवळ दीक्षित पाळकानेच द्यावेत असे म्हटले आहे. म्हणजे तुमच्या परंपरेने तुमच्याकडून ते अपेक्षिलेलेच नव्हते. आणि ज्या परंपरेत ते करता आले असते, तीच परंपरा इच्छेलाही मान देते. एकीचा नियम आणि दुसरीची शिक्षा असे एकत्र करून तुम्ही स्वतःवर खटला चालवला आहे. त्या दोन्हींपैकी कोणतीही मंडळी तुम्हाला दोषी ठरवणार नाही. जी गोष्ट ठाऊकच नव्हती ती न केल्याचे पाप लागत नाही. रात्री-रात्री बसून तुम्ही तिला शुभवर्तमान वाचून दाखवलेत. रोमकरांस पत्रात पौल म्हणतो की विश्वास ऐकण्याने होतो, आणि ते ऐकणे तिला तुमच्यामुळे मिळाले.

तुळशीचा प्रश्न मी टाळणार नाही. ख्रिस्ती शिकवण माणसाला एकाच देवाकडे वळायला सांगते आणि दोन दरडींवर पाय ठेवू देत नाही. यात मी सौम्यपणा आणला तर तो खोटा ठरेल. पण आजारी बाई मुलाच्या घरच्या अंगणातली तुळस उपटून टाकील तरच तिचा पश्चात्ताप खरा, हे म्हणणे पवित्र शास्त्राला धरून नाही. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात अरामी सेनापती नामान कुष्ठातून बरा होतो आणि यापुढे इस्राएलाच्या देवावाचून कोणाला बळी वाहणार नाही असे ठरवतो. लगेच तो अलीशा संदेष्ट्याजवळ एक अडचणही मांडतो की माझा राजा माझ्या हातावर भार देऊन रिम्मोनाच्या मंदिरात नमन करतो, तेव्हा मलाही वाकावे लागते. त्याची परमेश्वराने मला क्षमा करावी. अलीशा त्याला परवानगी देत नाही, फटकारतही नाही. शांतीने जा, एवढेच म्हणतो. महाराष्ट्रातही हा पेच नवा नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि लक्ष्मीबाईंचा त्यानंतर सुमारे पाच वर्षांनी. आणि आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, टिळकांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तशिष्यांसाठी. घरच्यांच्या धाकाने किंवा मायेने जाहीर पाऊल न उचललेली माणसे त्यांनी जवळून पाहिली असणार. टिळकांचा तो मार्ग सगळ्यांना पटला नव्हता, मलाही पूर्णपणे पटत नाही. पण असे शिष्य असतात, हे त्यांनी नाकारले नाही.

तुमच्या स्वतःच्या बाप्तिस्म्याविषयी. ख्रिस्ती मंडळीच्या अगदी आरंभीच्या काळातील 'डिडाखे' नावाच्या शिकवणग्रंथात वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्यावा असे सांगून पुढे म्हटले आहे की ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात, आणि तेही पुरेसे नसेल तर डोक्यावर तीनदा पाणी ओतावे. (मराठवाड्यातल्या माणसाला या तरतुदीची गरज वेगळी समजावून सांगायला नको.) वेस्टमिन्स्टरची कबुलीही बुडवणे आवश्यक नाही, ओतणे किंवा शिंपडणे योग्यच आहे, आणि बाप्तिस्मा एकदाच द्यावा, असे सांगते; आणि निकेय विश्वासांगीकारात 'पापांच्या क्षमेसाठी एकच बाप्तिस्मा' असे आपण म्हणतोच. बालकांचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे, असे बॅप्टिस्ट मानतात, आणि त्यामागे विश्वास आधी आणि पाणी नंतर हा गंभीर विचार आहे, हे मी मान्य करतो. तरी १९७० साली आपल्या सी.एन.आय.मध्ये बॅप्टिस्टही सामील झाले, आणि बालकांचा व प्रौढांचा अशा दोन्ही पद्धतींना तिथे जागा मिळाली. माझा सल्ला असा की भीतीपोटी पुन्हा बाप्तिस्मा घेऊ नका. ज्या नावाने तो झाला आणि ज्या ख्रिस्तावर तुमचा आज विश्वास आहे, ते पुरेसे आहे.

वर्षश्राद्धाला जावे की नाही? मला वाटते, जावे. मिळालेले तारण गमावता येते का, यावर मतभेद आहेत. कॅल्व्हिनच्या परंपरेत खऱ्या विश्वासणाऱ्याला देव शेवटपर्यंत राखतो असे शिकवतात, तर कॅथलिक आणि मेथडिस्ट परंपरांत माणूस जाणूनबुजून पाठ फिरवून ते गमावू शकतो असे मानतात. पण शोक करणाऱ्या मामाच्या घरी जाऊन बसल्याने ते जाते, असे यांपैकी कोणीच शिकवत नाही. शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा, ही तर पौलाची आज्ञाच आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात तो दोन्ही गोष्टी सांगतो: मूर्तिपूजेपासून दूर राहा, आणि कोणी जेवायला बोलावले व तुम्हाला जावेसे वाटले तर पुढे वाढलेले काही न विचारता खा, मात्र हे अर्पण केलेले आहे असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. पिंडदान मामाच करतील, ते तुमच्याकडे येणारही नाही. जे विधी तुमच्या मनाला मान्य नाहीत त्यांविषयी आठवडाभर आधी मामांना फोन करून मोकळेपणाने सांगा, म्हणजे ऐन वेळी चार पाहुण्यांत त्यांना अवघडल्यासारखे होणार नाही. आदल्या दिवशीच जा, मामींच्या हाताखाली स्वयंपाकघरात राबा, आजीच्या आठवणी निघतील त्या ऐका. ती येशूची प्रार्थना करत होती, हे कोणी विचारले तर लपवू नका, आणि कोणी न विचारता ते त्या दिवशी मांडूही नका.

पास्टरांशी बोलताना वाद घालू नका. फक्त विचारा की आजीविषयी त्यांनी जे सांगितले ते त्यांच्या मंडळीचे मत आहे की सगळ्या ख्रिस्ती मंडळीचे, आणि ते मत लेखी कुठे आहे. पुन्हा बाप्तिस्मा घेईपर्यंत प्रभुभोजनाला बसू देणार नाही असे त्यांनी म्हटले, तर जालन्याच्या मंडळीत तुमची जागा आहेच. तिथल्या नोंदवहीत तुमच्या बाप्तिस्म्याची नोंद असेल. पाळकांकडून तिचा दाखला मागून घ्या, आणि त्याच भेटीत आजीच्या आयुष्याबद्दल उपकारस्तुतीची एक छोटी प्रार्थना आईच्या घरी ठेवता येईल का, तेही विचारा. त्या प्रार्थनेला मामांनाही बोलवा. ते न आले तरी बोलावणे तुमच्याकडून गेलेले असू द्या.